समुद्राचा ताळेबंद

डॅनियल पॉली व त्यांचे सहकारी यांचा १९९८ सालीं ‘सायन्स’मध्यें आलेला लहानसा निबंध आज प्रमाणभूत मानला जातो. समुद्रांत कोण कोणास खातो याचे, म्हणजे अन्नजाळ्याचे, गणिती आराखडे घेऊन त्यांनीं प्रत्येक जातीस पायरी दिली: वनस्पतींची पहिली, त्या खाणाऱ्यांची दुसरी, याप्रमाणें. मग जगांत धरलेल्या मासळीची सरासरी पायरी काढली. १९५० च्या सुमारास ती ३.३ हून किंचित् अधिक होती; १९९४ सालीं ३.१ च्याही खालीं आली. मोठे शिकारी मासे संपवून मनुष्य खालच्या पायऱ्यांकडे वळला, हा त्यांचा निष्कर्ष.

मांडणी विलक्षण सुबोध आहे. आमचा आक्षेप आहे तो मापावर. कोळ्याच्या जाळ्यांत काय आलें, यावरून समुद्रांत काय उरलें हें कसें ठरावें? कोळंबीस भाव आला कीं सरासरी उतरते. मोठ्या माशांचें त्यांत कांहींच बिघडलेलें नसेल. उलट, सर्वच पायऱ्या सारख्या ओरबाडल्या तर सरासरी जागची हलत नाहीं, आणि समुद्र मात्र रिता होतो! २०१० सालीं ट्रेव्हर ब्रँच प्रभृतींनीं ‘नेचर’मध्यें हे आकडे समुद्रांतील प्रत्यक्ष पाहणीशीं ताडून पाहिले, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं मेळ बसला नाहीं.

पॉलींची भीति मात्र पोकळ नव्हे. न्यूफाउंडलंडनजीकच्या कॉड माशाची धंदेवाईक मासेमारी १९९२ सालीं कॅनडा सरकारास बंद करावी लागली, ती मासाच उरला नाहीं म्हणून. परंतु प्रत्यक्ष पाहणीस वर्षानुवर्षें जहाजें धाडावीं लागतात. जेथें तितका पैसा नाहीं, तेथें पॉलींचेंच माप हातीं उरतें.