पाचारण की वसा? : फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन आणि मराठी समीक्षेची भूमिका

प्रस्तावना

मराठीतील ख्रिस्ती लेखनाची परंपरा चार शतकांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत मुद्रित झाले. ओवी हा मराठी छंद आणि पुराण हा परिचित आकृतिबंध स्वीकारून बायबलची कथा सांगणारा हा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासात उल्लेखिला जातो. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यापर्यंत येऊन हा उल्लेख बहुधा थांबतो. कॅथलिक धर्मग्रामाच्या जीवनातून, म्हणजेच चर्च, त्याचे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि भाविक यांच्या नित्य व्यवहारातून निर्माण झालेले लेखन समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या निमित्ताने ते आले. परंतु कोणत्या अटीवर आले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रस्तुत लेखात दिब्रिटो यांच्या लेखनाकडे ‘पाचारण’ या संकल्पनेच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी समीक्षेने त्यांच्यातील सेवाभावी, पर्यावरणवादी व मानवतावादी लेखक स्वीकारला. मात्र त्या सेवेचे मूळ असलेले धर्मजीवन बाजूला ठेवले. त्यामुळे त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही नीट तपासल्या गेल्या नाहीत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संमेलनाध्यक्षपद आणि एक अपुरा बचाव

दिब्रिटो यांचा जन्म वसई तालुक्यातील नंदाखाल येथे झाला. १९७२ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ या काळात ते ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादक होते. ‘ओॲसिसच्या शोधात’, ‘तेजाची पाऊले’, ‘सृजनाचा मोहोर’, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ ही त्यांची पुस्तके सर्वपरिचित आहेत. ‘सुबोध बायबल’ या बृहद्ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्यांनी वसईतील शेती, पाणी व बागायत वाचविण्याच्या लढ्याचे नेतृत्व केले.

२०१९ साली उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा एका धर्मगुरूने हे पद भूषवावे काय, असा आक्षेप काही मंडळींनी घेतला. या आक्षेपाला मिळालेले उत्तर समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ते धर्मगुरू असले तरी आधी लेखक आहेत. त्यांचे कार्य धर्मापलीकडचे आहे, अशा आशयाचा तो बचाव होता. हेतू निःसंशय उदार होता. तथापि, या उत्तराने आक्षेपकांचे गृहीतक मान्य करून टाकले. धर्मगुरुपण ही अडचण आहे आणि साहित्यिकपण हा तिच्यावरील उतारा आहे, हे ते गृहीतक होय.

ज्या जिल्ह्यात हे संमेलन भरले, त्याच जिल्ह्यात तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव आहे. गोरोबांचे अभंग वाचताना ‘ते भक्त असले तरी कवी होते’ असे आपण म्हणत नाही. भक्ती हाच त्या कवितेचा आशय असल्याचे आपण सहज मान्य करतो. हाच न्याय धर्मगुरूच्या गद्याला लावण्यास मराठी समीक्षा का कचरते? याचे एक कारण ‘पाचारण’ या शब्दात दडलेले आहे.

‘वसा’ आणि ‘पाचारण’

सामान्य मराठीत पाचारण म्हणजे बोलावणे. अग्निशमन दलाला पाचारण होते, वैद्याला पाचारण होते. कॅथलिक मराठीने या शब्दाला धर्मजीवनासाठी मिळालेले ईश्वरी बोलावणे असा विशेष अर्थ दिला. याउलट समाजसेवकाविषयी लिहिताना मराठी लेखक हटकून ‘सेवेचा वसा घेतला’ असे म्हणतो. हे दोन शब्दप्रयोग समानार्थी नाहीत. वसा घेतला जातो; पाचारण होते. वशामध्ये कर्ता हा व्रत घेणारा असतो. त्याचा निर्धार, त्याचा त्याग हे कौतुकाचे विषय असतात. पाचारणामध्ये कर्तेपण बोलावणाऱ्याकडे असते आणि बोलावलेल्याच्या वाट्याला केवळ प्रतिसाद येतो.

शिवाय कॅथलिक परंपरेत हे बोलावणे व्यक्तीच्या अंतःस्फूर्तीवर सोडलेले नाही. उमेदवाराला गुरुविद्यालयात वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे अध्ययन करावे लागते. पुण्यातील पेपल सेमिनरी ही अशीच संस्था असून ती १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झाली व १९५५ साली पुण्यात आली. दीक्षाविधीत उमेदवाराला नावाने हाक मारली जाते. तो पात्र आहे काय, अशी विचारणा बिशप करतात आणि भाविकांकडे चौकशी केल्याची साक्ष दिली जाते. म्हणजे ईश्वर, व्यक्ती आणि समुदाय असे तीन पक्ष पाचारणात असतात. त्यानंतर येते ते आज्ञापालन. धर्मप्रांताचा धर्मगुरू ब्रह्मचर्य आणि बिशपांविषयीचे आज्ञापालन स्वीकारतो. व्रतस्थ संघातील धर्मबंधू व धर्मभगिनी यांना दारिद्र्याचेही व्रत असते. कुठे राहावे, कोणती सेवा करावी, कधी निघावे, हे सर्व दुसऱ्याच्या शब्दावर ठरते.

विदर्भातील वाचकाला सेवेचा आदर्श अपरिचित नाही. संत गाडगेबाबांचा खराटा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ यांनी सेवा हीच पूजा हा विचार येथील खेड्यापाड्यांत रुजविला. परंतु गाडगेबाबा कोणाच्या नियुक्तीने गावात येत नव्हते आणि कोणाच्या बदलीच्या आदेशाने जात नव्हते. त्यांची सेवा संस्थेच्या आधीची होती. संस्था मागाहून उभ्या राहिल्या. धर्मगुरू मात्र आधी एका संस्थेचा होतो आणि मग सेवक होतो. मराठी मनाला ‘वसा’ भावतो, ‘नियुक्ती’ भावत नाही. म्हणून दिब्रिटो यांच्यातील नियुक्त धर्मगुरू वगळून वसा घेतलेला कार्यकर्ता तेवढा उचलला गेला.

लेखनातील सामर्थ्य

पाचारणाचा हा धागा लक्षात घेतला तर दिब्रिटो यांच्या ग्रंथांमधील अंतर्गत संगती दिसू लागते. ‘सुबोध बायबल’ हे एका अभ्यासकाने हाती घेतलेले भाषांतराचे काम एवढेच नव्हे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) उपासनेत लोकभाषांना स्थान दिले आणि बायबल सामान्य भाविकाच्या हाती जावे असा आग्रह धरला. या परिषदेनंतर दीक्षित झालेल्या पिढीतील धर्मगुरूसाठी मराठी हे सेवेचे साधन होते. स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली ती श्रोत्यांसाठी; दिब्रिटो यांनी सुबोध गद्य स्वीकारले ते वाचकांसाठी. दोन्ही ठिकाणी शैली ही धर्मगुरूच्या कर्तव्यातून निघाली आहे.

हरित वसईच्या लढ्याबाबतही असेच म्हणता येईल. धर्मग्रामाची व्याख्या १९८३च्या चर्चविधिसंहितेत ‘भाविकांचा स्थिर समुदाय’ अशा अर्थाने केलेली आहे. इमारत किंवा सीमारेषा हा तिचा गाभा नव्हे. ज्या समुदायाची विहीर आटते आणि वाडी विकली जाते, तो समुदाय स्थिर राहत नाही. त्यामुळे पाण्यासाठी उभे राहणे हे धर्मकार्याबाहेरचे धाडस नसून त्याचाच विस्तार ठरते. ‘धर्मापलीकडचे कार्य’ हे वर्णन म्हणूनच सदोष आहे.

‘आनंदाचे अंतरंग’ या पुस्तकासाठी त्यांनी मदर तेरेसा हा विषय निवडला, हेही सूचक आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात मदर तेरेसांना जो अनुभव आला, त्याला त्या पाचारणातील पाचारण मानत. त्यानंतरही परवानगीसाठी त्यांना थांबावे लागले. मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला मान्यता मिळाली ती १९५० साली. त्यांच्या निधनानंतर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून असे उघड झाले की, पुढील अनेक दशके त्यांना ईश्वराच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ नव्हती. श्रद्धेतून समाधान मिळते आणि त्या समाधानातून सेवा घडते, हे सोपे समीकरण या पत्रांनी मोडले. समाधान नसतानाही दिलेला शब्द पाळणे, हा पाचारणाचा कठीण अर्थ त्यातून पुढे आला.

मर्यादा : न लिहिलेला धर्मग्राम

याच निकषावर दिब्रिटो यांच्या लेखनाची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. त्यांच्या प्रमुख ग्रंथांचे विषय पाहिले असता बायबल, पोप दुसरे जॉन पॉल, मदर तेरेसा, ख्रिस्तभूमी असे भव्य विषय समोर येतात. पहाटे चर्चचे दार उघडणारा सेवक, मुलांना धर्मशिक्षण देणारी गृहिणी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी धर्मभगिनी, घरातील मुलगा गुरुविद्यालयात पाठवून एकाकी झालेले आईवडील, यांपैकी कोणीही मराठी कॅथलिक गद्यात ग्रंथाचा विषय झाल्याचे सहसा दिसत नाही. ‘नाही मी एकला’ हे त्यांच्या आत्मकथनाचे शीर्षक समुदायाची ग्वाही देते. पण त्या समुदायाने आपल्या बाजूने लिहिलेली कथा उपलब्ध नाही.

येथे लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण अपरिहार्य आहे. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा प्रयोग आरंभिला. त्या निर्णयामागील तेज टिळकांच्या कवितेत आहे. परंतु अशा निर्णयांची किंमत कोणाला आणि कशी मोजावी लागते, हे ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला कळले. पाचारण झालेल्याच्या शेजारी राहणाऱ्या, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याला हसूही शकणाऱ्या व्यक्तीची साक्ष तेथे आहे. ब्रह्मचारी धर्मगुरूला असा घरातला साक्षीदार नसतो. ती जागा धर्मग्रामाने भरावयास हवी होती. ती रिकामी राहिल्याने धर्मगुरूचे चित्र एकतर गौरवाचे होते किंवा आत्मनिवेदनाचे. पारखलेले चित्र दुर्मिळच राहते.

स्त्रियांबाबत ही उणीव अधिक तीव्र आहे. शाळा, रुग्णालय, अनाथालय यांमधून बिगरख्रिस्ती समाजाचा सर्वाधिक संबंध येतो तो धर्मभगिनींशी. यवतमाळ जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो, तो १९५५ साली स्थापन झाला. अशा विरळ कॅथलिक वस्तीच्या प्रदेशात तर अनेकांच्या लेखी कॅथलिक धर्मजीवन म्हणजे शाळेतील ‘सिस्टर’ होय. तरीही तिच्या आज्ञापालनातील ताण, तिचे समाधान, तिचे प्रश्न मराठी साहित्यात जवळजवळ अनुच्चारित आहेत. मध्य प्रदेशात इंदूरजवळ गरीब शेतकरी व आदिवासींमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची १९९५ साली हत्या झाली आणि २०१७ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. म्हणजे बहुधा मृत्यूनंतरच धर्मभगिनीचे नाव समाजापर्यंत पोहोचते.

वसईच्या स्वतःच्या स्मृतीत या प्रश्नाचे एक उत्तर आहे. संत गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले, १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झालेले आणि १८६२ साली संतपदी घोषित झालेले पहिले भारतीय. ते धर्मगुरू नव्हते. जपानमध्ये जेजुइटांसोबत वर्षानुवर्षे धर्मशिक्षकाचे काम करूनही त्यांना त्या संघात प्रवेश मिळाला नाही. त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू झाले. नकार, वळण आणि उशिरा सापडलेली वाट, हेही पाचारणच असते. वसईने ज्याला आपला संत मानले त्याचे हे चरित्र धर्मगुरुकेंद्री कल्पनेला आतूनच छेद देते.

धर्मग्रामाचा अधिकार

हा केवळ साहित्याचा प्रश्न नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्व भाविकांना असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी पाचारणासाठी जागतिक प्रार्थनादिन सुरू केला. प्रत्यक्षात मात्र ‘पाचारण’ म्हटले की गुरुविद्यालयात किती मुले गेली, हाच हिशेब होतो. धर्मग्रामातील पाळकीय परिषदेला विधिसंहितेनुसार केवळ सल्ल्याचा अधिकार आहे. ज्या भाविकाला निर्णयात वाटा नाही आणि पुस्तकात जागा नाही, त्याने आपल्या मुलाला किंवा मुलीला या वाटेवर आनंदाने पाठवावे, ही अपेक्षा कशाच्या आधारे करावयाची? कुटुंबे लहान होत असताना आणि तरुण शहराकडे व परदेशाकडे जात असताना हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, दिब्रिटो यांच्या लेखनातील सेवा ही श्रद्धेपासून अलग करता येत नाही. ती तशी अलग करणारी समीक्षा उदार असली तरी अपुरी आहे. दोन, ‘वसा’ या परिचित चौकटीत ‘पाचारण’ बसविल्याने आज्ञापालन, संस्था आणि समुदाय हे त्याचे घटक नजरेआड होतात. ते नजरेसमोर आणल्यास स्तुतीबरोबर चिकित्साही शक्य होते. तीन, मराठी कॅथलिक साहित्यात धर्मगुरूचा आवाज ऐकू आला. धर्मभगिनीचा व सामान्य भाविकाचा आवाज अद्याप पुरेसा ऐकू आलेला नाही.

स्टीफन्स यांच्यापासून दिब्रिटो यांच्यापर्यंतची परंपरा बोलावणाऱ्यांची आणि उपदेश करणाऱ्यांची आहे. ज्यांनी ते ऐकले, त्यांनी आता लिहावयास हवे. ते लेखन जेव्हा येईल तेव्हा त्याला ‘ख्रिस्ती असले तरी मराठी’ अशा सवलतीने न वाचता मराठीतील धर्मजीवनाचा दस्तऐवज म्हणून वाचण्याची तयारी समीक्षेने ठेवली पाहिजे.