मोजपट्टीत न मावलेला प्रवाह

आज बोलायचंय ते एका मोजपट्टीबद्दल. मेंदूतल्या एव्हीएममध्ये धमन्या आणि शिरा केशवाहिन्यांशिवाय थेट जोडल्या जातात, त्यांचा गुंता होतो. स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी १९८६ साली या गुंत्याच्या शस्त्रक्रियेतला धोका १ ते ५ श्रेणींत बसवला. आकार ३ सेंटीमीटरच्या आत असेल तर १ गुण, ६ पर्यंत २, त्यापुढे ३. वाचा, हालचाल, दृष्टी सांभाळणाऱ्या भागात असेल तर आणखी १. रक्त खोल शिरांतून परतत असेल तर आणखी १. झालं! बोटांवर मोजता येतं, म्हणून जगभर चाललं. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती प्रवाहाला स्वतंत्र जागा नाही याची. लेखकांना तो सुचला नव्हता असं नाही. पट्टी सोपी राहावी म्हणून त्यांनी तो आकारातच धरला. मोठा गुंता, मोठा प्रवाह. बहुतेकदा खरंही आहे. पण टेबलावर 'बहुतेकदा' पुरत नाही.

तिथे काय चालतं बघा. शेताचं पाणी तोडताना आपण वरचं दार आधी पाडतो. खालची वाट आधी बुजवली तर बांध फुटतो. इथेही तसंच. धमन्या आधी, एकेक करून. मुख्य शीर सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की गुंता टरारून फुगतो. वरच्या जाड धमन्या त्यातल्या त्यात सोप्या. छळतात त्या तळाशी, पांढऱ्या द्रव्यातून येणाऱ्या बारीक वाहिन्या. भिंत इतकी पातळ की बायपोलर चिमट्याने जाळायला जावं तर बंद न होता तुटतात, आत ओढल्या जातात आणि तिथून वाहत राहतात. मग छोट्या क्लिपा लावायच्या, भूलतज्ज्ञांना रक्तदाब उतरवायला सांगायचं. २ सेंटीमीटरच्या गुंत्याला अशा दहा वाहिन्या असतील तर पट्टी त्यांचे किती गुण धरते? शून्य.

गुंता निघाला तरी सुटका नाही. खुद्द स्पेट्झलर यांनीच सहकाऱ्यांसह १९७८ साली मांडलं होतं की कमी दाबाची सवय झालेल्या शेजारच्या वाहिन्यांना अचानक आलेला पूर्ण दाब सोसत नाही; मेंदू सुजतो, रक्तस्राव होतो. १९९३ मध्ये अल-रोधान आणि सहकाऱ्यांनी दुसरं कारण पुढे केलं: शिरांचा परतीचा रस्ता तुंबतो. हा वाद नुसता कागदावरचा नाही हो. पहिलं मानलं तर दाब खाली ठेवायचा. दुसरं मानलं तर तोच उपाय प्रवाह आणखी मंदावून अंगाशी येऊ शकतो. हे कोडं ज्यांनी उभं केलं त्यांच्याच पट्टीत आठ वर्षांनी त्याला एक गुणही मिळू नये, हे आम्हाला खटकतं.

बाहेर नातेवाईक विचारतात, 'श्रेणी दोन, म्हणजे सोपं ना डॉक्टर?' आकडा ऐकला तर पुढचा प्रश्नही विचारा: रक्त येतंय कुठून, आणि ते आधी कसं अडवणार?