दाहशामक औषधांचे तोलमाप : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

वेदनाशामक औषधांच्या चिकित्सेत लाभ आणि धोका हे शब्द तराजूच्या दोन पारड्यांसारखे योजिले जातात. ही उपमा सोयीची असली तरी निर्दोष नाही. तराजूतील वजन कोठेही नेले तरी तेच राहते. औषधाचे तसे नाही. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील श्रमाचे वर्ष समोर ठेवले म्हणजे उपमेतील ही उणीव ध्यानात येते.

जॉन व्हेन यांनी १९७१ साली अ‍ॅस्पिरिनविषयी दाखवून दिले की, ते शरीरात प्रोस्टाग्लँडिन निर्माण होऊ देत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचे कार्यही याच मार्गाने चालते. परंतु प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि शरीरातील पाणी घटले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरते. म्हणजे गुण आणि दोष ही एकाच क्रियेची दोन फळे होत.

आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकलेली पाठ एका गोळीने सरळ होते व दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडत नाही. हा लाभ क्षुद्र मानण्याचे कारण नाही. स्वतःच्या मनाने गोळी घेणाऱ्यास अडाणी ठरविणारी टीका या मजुरीचा हिशेबच करीत नाही, म्हणून ती उथळ ठरते. मात्र याच हंगामात लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यू यांचा आरंभही ताप व अंगदुखी यांनीच होतो. पहिला आजार मूत्रपिंडावर आघात करू शकतो, तर दुसऱ्यात या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सर्पदंशातही हाच आक्षेप आहे. अशा वेळी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित. परंतु सुजेवर त्याचा फारसा उपयोग नाही, ही त्याची मर्यादा.

पावसाळा सरल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे ऊन आणि भट्टीची आच यांनी अंगातील पाणी आटते. गोळी तीच असते, परंतु मूत्रपिंडाच्या दृष्टीने तिचे वजन पालटलेले असते. ती रोज घेतली गेली तर विशेषच.

लाभ एकास आणि हानी दुसऱ्यास, असेही घडते. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय उपयोगास मनाई केली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकरिता वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी एका मात्रेपुरती करण्यात आली.

गिधाडाच्या बाबतीत कुपीचा आकार बदलण्यापर्यंत विचार पोहोचला. मजुराच्या हाती येणाऱ्या पट्टीवरील इशारा मात्र, चिठ्ठीवाचून औषध विकू नये, असा आहे. तो इंग्रजीत आहे हा दोष दुय्यम होय. मुख्य दोष हा की, तो विक्रेत्यास उद्देशून आहे, घेणाऱ्यास नव्हे. उपाशीपोटी घेऊ नये, भरपूर पाणी प्यावे, ताप असल्यास आधी तपासून घ्यावे, एवढी तीन वाक्ये मराठीत छापण्यास त्या पट्टीच्या पाठीवर जागा पुरेल.