दोन बोटांची फट

खाली बसवलेली व्हॅन दिसली की लोक ती किती खाली आली ते बघतात. मी आधी मागच्या चाकाशी वाकतो. टायर आणि मडगार्डच्या कमानीत किती फट उरली, आणि दोन्ही बाजूंचं टायर सारखंच आत आहे का? घाटकोपरला असल्फाच्या बाजूच्या एका गॅरेजात बघितलेली पांढरी ईको या परीक्षेत उतरली. पूर्वी मूठ जायची तिथे आता दोन बोटं जात होती.

ईको तशी या कामाला सोयीची. जुन्या ओम्नीच्या मागे पाटे. ती खाली आणायची तर पाट्यांशीच झटापट. २०१० साली आलेल्या ईकोच्या मागे मात्र सरळ आक्सल आणि कॉइल स्प्रिंगा. बॉडी स्टँडवर ठेवा, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडा, आक्सल हळूच खाली घ्या, स्प्रिंग हाताने निघते. पुढच्या स्ट्रटला हा लाड नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये दाबून न धरता वरचा नट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

खाली आलेल्या गाडीला धक्का पचवायला जागा कमी उरते. म्हणून नवी स्प्रिंग नुसती बुटकी असून चालत नाही, कडकही लागते. हा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. चांगल्या स्प्रिंगचं मर्म त्यामुळे डोळ्यांना दिसतच नाही. मूळ स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरने कापणारेही आहेत. कापलेली स्प्रिंग कडक होते खरी, पण तिचं टोक बैठकीत बसत नाही आणि चाक लोंबकळलं की ती सुटी पडते. गॅसवर तापवून दाबलेली तर त्याहून वाईट. पोलादाचं पाणीच उतरतं.

इथे तसं काही नव्हतं. मिस्त्रीने आक्सलला बॉडीशी जोडणाऱ्या मागच्या लिंकांचे बोल्टही ढिले केले होते. नव्या स्प्रिंगा बसल्या, तरी ते आवळायचं नाव नाही. मालक अस्वस्थ. "दादा, आधी गाडीला पायांवर उभी तर राहू द्या," मिस्त्री म्हणाला. चाकं जमिनीला टेकली, व्हॅनचं सगळं वजन स्प्रिंगांवर आलं, तो खाली सरपटत गेला आणि मग पाना फिरला. लिंकच्या टोकांना रबरी बुश असतात. बोल्ट हवेत आवळले, तर गाडी बसताच हे बुश पिळले जातात, उभ्या गाडीतही पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. सगळ्या कामात मला हे थांबणं सर्वांत आवडलं. फोटोत ते कधीच येणार नाही.

टायर दोन्ही बाजूंना सारखं राहिलं, याचं श्रेय हावरटपणा न करण्याला. आक्सल जागेवर धरणाऱ्या आडव्या दांड्याचं एक टोक बॉडीला, दुसरं आक्सलला. बॉडी खाली येते तसा दांडा फिरतो आणि आक्सलला थोडं बाजूला ढकलतो. इंचभर उतरवलं तर कळतही नाही. तीन इंच उतरवा, एका बाजूचं टायर बाहेर डोकावेल.

खोटही सांगतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा अंमळ जास्त बसली आहे, आणि व्हॅन म्हटली की माणसं नाहीतर माल मागेच भरणार. शिवाय पुढची उंची बदलली की चाकांचा कोनही बदलतो. अलाइनमेंट त्या दिवशी झालं नव्हतं. कायद्याचं तर वेगळंच. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सांगितलं आहे. आरटीओसमोर माझं रसग्रहण कामाला येणार नाही.

संध्याकाळी मालक ती घेऊन निघाला. गल्लीच्या तोंडाशी घाटकोपरात असतो तसा उंच गतिरोधक आहे. गाडी तिरकी न करता, सरळ, सावकाश पार झाली. बूड घासलं नाही.