अनुकृतीचा गुरू कोण?

काव्यातील उसनवारीचा विचार करताना संस्कृत साहित्यशास्त्राने दृष्टान्त घेतला तो चित्राचा. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धन दोन काव्यांतील साम्याचे तीन प्रकार मानतो : प्रतिबिंबासारखे, आलेख्यासारखे आणि दोन देहधारी व्यक्तींत असते तसे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. आलेख्याला स्वतःचा आत्मा असतो खरा, पण तो तुच्छ. मात्र काव्याच्या बाबतीत मूळ आणि प्रत या दोहोंचे माध्यम भाषा हेच असते. माध्यमच पालटले तर साम्याची ही कसोटी कशी लावायची, हा प्रश्न त्याच्या विवेचनात उद्भवत नाही.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांपुढे तो प्रत्यक्षच उभा राहिला. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 नंतर केलेल्या अजिंठ्याच्या तैलप्रतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी त्या भिंती पुन्हा कॅनव्हासवर, आणि पुन्हा तैलरंगांतच, उतरवल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकी एक.

मूळ चित्रे पाचव्या शतकातील, मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन चिकट बंधद्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली. त्यांत आकाराला घाट येतो तो प्रामुख्याने रेषेमुळे. तैलरंगाचा स्वभाव वेगळा : तो छायाप्रकाशाच्या पायऱ्यांनी घनता उभी करतो. निसर्गचित्रणाच्या बाबतीत हा विरोध अधिकच तीव्र होतो. अजिंठ्यातील डोंगर म्हणजे एकावर एक रचलेल्या ठोकळेवजा शिळा. अंतराबरोबर फिकट होत जाणारे क्षितिज तेथे नाही. पाश्चात्त्य यथादर्शनाचे धडे घेतलेल्या विद्यार्थ्याने ते डोंगर गिरवायचे म्हणजे एका व्याकरणाने दुसऱ्या भाषेतील वाक्य म्हणायचे. (लेण्यांबाहेर वाघूर नदीची नालाकार दरी खरे निसर्गदृश्य होऊन पसरलेली होती, हा योगायोग बोलका आहे.)

येथे 'गिरवणे' या क्रियापदाकडे थोडे थांबून पाहावे लागते. मराठीत अक्षर गिरवले जाते ते हाताला वळण लागावे म्हणून. अक्षराचा अर्थ त्या वेळी गौण असतो. अजिंठ्याच्या प्रती करताना हाताला जे वळण लागले ते रंगाचा लेप, छटा व परिष्करण यांचे, म्हणजे तैलतंत्राचे. म्हणून पेस्तनजींची पारशी घरगुती जीवनाची चित्रे युरोपीय वास्तववादाच्या घराण्यातली वाटतात, अजिंठ्याच्या नव्हे. वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर एक गुरू असूनही शिष्यत्व पत्करले गेले ते दुसऱ्याचे. याला शिष्याची उणीव मानण्याची टीकाकारांची रीत उथळ आहे. माध्यम हाच येथे खरा गुरू होता, आणि अनुकृतीचा विचार 'कोणाचे' या प्रश्नापाशीच थांबून 'कशात' हा प्रश्न विचारीत नाही, तोवर तो अपुरा राहतो. आपल्याकडील रूपांतरित नाटकांच्या चर्चेतही हीच गल्लत आढळते. तिथे मूळ नाटककाराचा प्रभाव मोजला जातो, रंगभूमीचे वळण नाही.

अनुकृतीने मूळही अबाधित ठेवले नाही. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या चमूने भिंतींवर व्हार्निश दिले, आणि कालांतराने त्याचाच त्या चित्रांना अपाय झाला. आनंदवर्धनाच्या त्रिविध साम्यात प्रतीचा मूळावर परिणाम होण्याची शक्यता कोठेच नाही. आरसा ज्याला प्रतिबिंबित करतो त्याला तो गढूळ करीत नाही, ब्रश करतो. 1885 मध्येच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत या दुसऱ्या प्रतींपैकीही पुष्कळशा जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा द्विखंडी ग्रंथ 1896-97 मध्ये प्रसिद्ध झाला.