उंदराची भीती आणि सुईचं श्रेय

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुईनं दुखणं थांबतं का, असा वाद निघाला की एक मुद्दा हमखास पुढं येतो. माणसाचा सुईवर विश्वास असतो म्हणून त्याला बरं वाटतं, असं एक वेळ म्हणा; पण उंदराला कुठला आलाय विश्वास? त्याची वेदना कमी झाली तर ती सुईमुळंच. गुडघेदुखीनं जेरीस आलेल्या बाईला हे ऐकून धीर येतो. मला मात्र हा युक्तिवाद अर्धा वाटतो. उंदराला विश्वास नसेल, भीती तर असते ना?

१९७६ साली पोमेरांझ आणि चिऊ या संशोधकांनी जाग्या उंदरांना सुया लावून त्यांतून वीज सोडली. चटक्याला ते उंदीर उशिरा प्रतिसाद देऊ लागले. नॅलोक्सोन दिल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. नॅलोक्सोन हे औषध अफूच्या जातीच्या द्रव्यांचं काम अडवतं. तेव्हा सुईमुळं शरीर आपलंच वेदनाशामक सोडतं, असा अर्थ निघाला. भलत्या जागी सुया टोचून त्यांनी तुलनाही केली होती, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

पण त्याच वर्षी हुदा अकिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, नुसत्या विजेच्या धक्क्यांच्या ताणानंही उंदरांची वेदना कमी होते आणि नॅलोक्सोननं हाही परिणाम काही अंशी उलटतो. म्हणजे घाबरलेलं शरीरसुद्धा तेच औषध काढतं. मग नॅलोक्सोनच्या एकट्या साक्षीवर सुईला श्रेय कसं द्यायचं?

जागा उंदीर सुया टोचून घेत स्वस्थ बसत नाही. त्याला हातात धरावं लागतं, नाहीतर अरुंद नळीत कोंडावं लागतं. तुलनेचे उंदीर तेवढा वेळ पिंजऱ्यात मोकळे राहिले, तर दोन गटांतला फरक सुईचा की कोंडण्याचा, हे कुणी सांगावं? त्यांनाही तीच नळी, तेवढाच वेळ, तेच हात हवेत. आधी काही दिवस सवयही लावायला हवी. शिवाय ताण फार दिवस चालला तर वेदना उलट वाढूही शकते. चूक दोन्ही बाजूंनी होते.

हात कुणाचे, यानंही फरक पडतो. २०१० साली हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं की, शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त बिथरतात; ओंजळीत किंवा नळीतून उचललेले कमी. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाला आढळलं की, पुरुष संशोधक जवळ असला, किंवा त्यानं वापरलेला शर्ट नुसता शेजारी ठेवला, तरी उंदरांत ताण वाढतो आणि वेदनेच्या खुणा कमी दिसतात. बाई असली तर तसं होत नाही. इथं सुई कुठंच नव्हती!

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’, म्हणजे जीवाला बांधून-कोंडून ठेवणं, वेगळा मोजलाय. मारलं नाही, जखम केली नाही, तरी कोंडणं ही पीडाच. प्रयोगशाळेच्या अहवालात ही पीडा ‘नेहमीची पद्धत’ म्हणून एका ओळीत उरकली जाते, तेव्हा दया तर सुटतेच, पण सत्यही सुटतं. प्राणी हळुवार हाताळले म्हणून प्रयोग अहिंसक होतो, असं मी म्हणणार नाही. तो प्रश्न उरतोच.

सुईनं कुणा बहिणीला आराम पडत असेल तर तिनं ती सोडावी, असंही माझं म्हणणं नाही. त्याचा निवाडा माणसांवरच्या नीट चाचण्यांनी व्हावा. पण ‘प्राण्यांवर सिद्ध झालंय’ असं कुणी सांगितलं, तर एवढं जरूर विचारा: त्याला धरलं कसं होतं, किती वेळ, आणि ज्याला सुई टोचली नाही त्यालाही तसंच धरलं होतं का? याचं उत्तर अहवालात नसेल, तर तो पुरावा सुईच्या खात्यावर मांडू नये.