मूठ आणि पाटी : कुंग-फू चित्रपटातील परदेशी माणूस

मारधाडीच्या चित्रपटावर समीक्षा लिहायची म्हटले की आपल्याकडचे जाणकार वाचक गालात हसतात. कथा-कवितेवर लिहावे, फार तर समांतर चित्रपटावर लिहावे. हवेत उड्या मारणार्‍या नटावर काय लिहायचे? काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही मत असेच होते. ते बदलले एका विद्यार्थ्यामुळे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकदा ऑफ तासाला आठवीच्या वर्गात ब्रूस लीच्या 'द बिग बॉस' या चित्रपटाची गोष्ट रंगली होती. मुले बाकांवर चढून लाथाबुक्क्यांची नक्कल करीत होती. एक मुलगा मात्र गप्प बसला होता. त्याचे वडील आखातात मजुरीला आहेत. तो हळूच म्हणाला, "सर, मार तो उसने सबको दिया, फिर पुलिस उसीको क्यूँ ले गयी?"

त्या क्षणी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला, मग त्या परंपरेतले आणखी काही पाहिले, आणि मुलाचा प्रश्न किती खोल आहे हे ध्यानात आले. परमुलखात गेलेल्या माणसाचा अपमान आणि त्या अपमानाला त्याने मुठीने दिलेले उत्तर, हा कुंग-फू चित्रपटाचा एक मोठा विषय आहे. उत्तर दिल्यानंतर त्या माणसाचे काय होते, हे मात्र आपण टाळ्यांच्या गजरात विसरून जातो.

आधी थोडा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम किनार्‍यावर सोन्याच्या शोधात आणि पोटासाठी हजारो चिनी मजूर गेले. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या खंडपार रेल्वेमार्गाचा पश्चिमेकडचा भाग मुख्यत्वे त्यांच्याच हातांनी बांधला गेला. रेल्वे झाली, आणि हात नकोसे झाले. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले. तो कायदा रद्द व्हायला १९४३ साल उजाडले, आणि तेव्हाही वर्षाला जेमतेम १०५ चिन्यांना प्रवेश देण्याची मर्यादा घालण्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात येणार्‍या चिन्यांना चौकशीसाठी डांबून ठेवीत. त्या बराकींच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आजही आहेत. गुरबतीत माणूस कविता लिहितो, हे उर्दू वाचकाला वेगळे सांगायला नको.

ब्रूस लीचा जन्म याच शहरात, सॅन फ्रान्सिस्कोत, २७ नोव्हेंबर १९४० रोजी झाला. वडील कॅन्टनी संगीत नाटकातले नट. ते दौर्‍यावर होते. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल कायद्याने अमेरिकेचे नागरिक. पण १९४१ मध्ये बाळाला घेऊन हाँगकाँगला परतताना, पुढे त्याला पुन्हा येता यावे म्हणून जो सरकारी अर्ज भरावा लागला, त्या अर्जाच्या छापील शीर्षकातच 'चिनी वंशाचा कथित अमेरिकन नागरिक' अशा अर्थाचे शब्द होते. जो माणूस पुढे जगभर लढवय्या म्हणून गाजला, त्याची पहिली गाठ अशी एका कागदाशी पडली होती. कागदाला लाथ मारता येत नाही.

१९५९ साली तो अमेरिकेत परतला. सिअॅटलमध्ये एका चिनी उपाहारगृहात काम करीत शिकला, विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे धडे घेतले आणि कुंग-फू शिकवू लागला. त्याचे तिथले पहिले शिष्य जेसी ग्लोव्हर हे कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६६-६७ मध्ये 'द ग्रीन हॉर्नेट' या मालिकेत त्याला काम मिळाले ते गोर्‍या नायकाच्या नोकराचे. पुढे 'कुंग फू' नावाच्या मालिकेत अमेरिकेत भटकणार्‍या अर्ध्या चिनी भिक्षूच्या भूमिकेसाठी त्याचा विचार झाला; पण भूमिका मिळाली डेव्हिड कॅरडाइन या गोर्‍या नटाला. १९७१ मधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत ली याविषयी शांतपणे बोलतो. निर्मात्यांना हा व्यवसायातला धोका वाटतो, असे तो सांगतो, आणि आपण त्यांना दोष देत नाही असेही म्हणतो. ते शांत बोलणे ऐकताना आम्हाला त्याच्या कुठल्याही लाथेपेक्षा जास्त लागले. अपमान झाल्यावर अपमान करणार्‍याचीच अडचण समजून सांगणे, ही परक्या दारी उभ्या असलेल्या माणसाची जुनी सवय आहे.

या पार्श्वभूमीवर त्याचे हाँगकाँगचे तीन चित्रपट पाहावेत. 'द बिग बॉस' (१९७१) मधील चेंग हा तरुण चीनमधून थायलंडात, बर्फाच्या कारखान्यात मजुरी करणार्‍या भाऊबंदांकडे येतो. भांडणार नाही, अशी त्याने आईला शपथ दिली आहे. तिने दिलेले पदक गळ्यात आहे. कोकणातून आखातात निघालेल्या मुलाला आई जे सांगते, 'मान खाली घालून काम कर, कुणाच्या अध्यात ना मध्यात पडू नकोस', तेच हे. म्हणून जवळजवळ अर्धा चित्रपट संपत आला तरी नायक हात उचलत नाही. बर्फाच्या लाद्यांतून अमली पदार्थ जातात हे ज्यांना कळते ते मजूर नाहीसे होतात. मजूर बिथरतात तेव्हा मालक चेंगला मुकादम करतो, दारू पाजतो. परदेशी मजुरांतलाच एक फोडून त्यांच्यावर बसवायचा, ही युक्ती दिग्दर्शक लो वेई यांनी फार नेमकी दाखवली आहे. शेवटी चेंग मालकाला मारतो आणि पोलिसांच्या हवाली होतो.

'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) शांघायमध्ये घडतो. इथे नायक आपल्याच देशात परका आहे, कारण शहराचा मोठा भाग परकीयांच्या ताब्यात आहे. बागेच्या दारावर पाटी आहे : कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव. एक परदेशी बाई कुत्र्यासह आत जाते, नायकाला अडवले जाते. तो उडी घेऊन पाटी लाथेने फोडतो. या प्रसंगाला आजही टाळ्या पडतात. अशी पाटी नेमक्या याच शब्दांत होती का, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. मात्र १९१७ च्या नियमावलीत एका कलमाने बाग परकीयांसाठी राखीव होती आणि दुसर्‍या कलमाने कुत्र्यांना व सायकलींना बंदी होती, आणि चिन्यांसाठी ती बाग १९२८ मध्येच खुली झाली, हे पक्के आहे.

पण आम्हाला त्या प्रसंगात पाटीपेक्षा दुसरेच काही टोचले. बागेच्या दारावर चिन्याला अडवणारा दरवान पगडी बांधलेला शीख आहे. ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे. शांघायच्या परकीय वसाहतीत इंग्रजांनी खरोखरच शीख पोलीस ठेवले होते. म्हणजे या चित्रपटात हिंदुस्थानी माणूस आहे, पण तो नायकाच्या बाजूला नाही. स्वतःच्या देशात गुलाम असलेला माणूस परमुलखात दुसर्‍या गुलामाला दारावर अडवतो आहे. लहानपणापासून आपण ब्रूस लीसाठी टाळ्या वाजवल्या. तो दरवान आपलाच होता याकडे आपले लक्षच गेले नाही. भेदभावावर बोलताना आपण दाराच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे आधी पाहावे, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

तिसरा चित्रपट 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) ली याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. खेड्यातला एक साधा तरुण रोममधल्या चिनी उपाहारगृहाला गुंडांपासून वाचवायला येतो. विमानतळावर एक गोरी बाई त्याच्याकडे टक लावून पाहत राहते, आणि तो अवघडतो. भाषा येत नाही म्हणून नको ते पदार्थ मागवून बसतो. प्रेक्षक हसतात, पण परक्या देशात पहिल्या दिवशी उतरलेल्या कुणालाही त्या हसण्यामागची लाज ओळखू येईल. कलोसियममधील चक नॉरिसबरोबरची झुंज प्रसिद्ध आहे. त्याहून महत्त्वाचे पात्र आम्हाला उपाहारगृहातील म्हातार्‍या वांगचाचाचे वाटते. हा चाचाच गुंडांना फितूर असतो आणि आपल्याच पोरांवर सुरी चालवतो. कारण काय, तर पैसे मिळाले की हाँगकाँगला बायकामुलांकडे परत जाता येईल! वतनाची ओढ माणसाला किती खाली नेऊ शकते, हे इतक्या धीटपणे सांगणारे लेखन आमच्या वाचनात फारसे नाही.

आता तिन्ही चित्रपटांचे शेवट शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात नायक पोलिसांच्या ताब्यात जातो, दुसर्‍यात बंदुकांच्या रांगेवर झेप घेतो, तिसर्‍यात शत्रू मारून एकटाच शहर सोडून जातो. झुंज प्रत्येक वेळी तोच जिंकतो, पण राहण्याची जागा एकदाही मिळवीत नाही. आमच्या मते या चित्रपटांचे मर्म इथे आहे. मूठ इज्जत परत मिळवून देते. नागरिकत्व, घर, निर्भय झोप देत नाही. कितीतरी वर्षांनी आलेल्या 'इप मॅन ४' (२०१९) मध्येही हेच घडते. १९६४ चे सॅन फ्रान्सिस्को, शाळेत छळली जाणारी चिनी मुलगी, उद्दाम गोरा सैनिक, त्याला मात देणारा वृद्ध उस्ताद. ही सफर काल्पनिक आहे, पण शेवट ओळखीचा आहे : उस्ताद जिंकतो आणि हाँगकाँगला परततो.

या चित्रपटांचे दोषही सांगितले पाहिजेत. ज्यांनी अपमान सोसला तेच दुसर्‍यांना कमी लेखतात. 'फिस्ट ऑफ फ्युरी'तील जपानी माणसे माणसे वाटतच नाहीत. 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) मध्ये जिम केलीने रंगवलेल्या कृष्णवर्णीय विल्यम्सला दोन गोरे पोलीस विनाकारण अडवतात, हा प्रसंग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना आपला वाटला तर नवल नाही. पण तोच विल्यम्स मध्येच मारला जातो. हॉलिवूडने ली याला अखेर नायक केले, तेही ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या कामगिरीवर पाठवून. चित्रपट अमेरिकेत झळकला तेव्हा ली हयात नव्हता. २० जुलै १९७३ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तो वारला.

पडद्यावर शत्रूला चेहरा असतो. बाहेर तसे नसते. १९८२ च्या जूनमध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी-अमेरिकन तरुणाला मोटार उद्योगातील दोन गोर्‍यांनी बेसबॉलच्या बॅटने मारले. चार दिवसांनी तो गेला. जपानी मोटारींमुळे अमेरिकेत बेकारी वाढल्याचा तो काळ होता. त्याचे लग्न काही दिवसांवर आले होते. न्यायालयाने दोघांना तीन वर्षांची देखरेख आणि तीन हजार डॉलर दंड केला, तुरुंग नाही. तेव्हा चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो असे एरवी वेगळे राहणारे समाज प्रथमच मोठ्या प्रमाणात एकत्र आले, सभा घेतल्या, केंद्रीय न्यायालयापर्यंत गेले. खटला अखेर हरले, आणि चिनची आई १९८७ मध्ये चीनला परत गेली. तरीही त्या लढ्यातून एक आवाज उभा राहिला, जो कुठल्याही एकट्या नायकाने उभा केला नव्हता.

शांघायच्या दारावरची ती पगडी आम्हाला आणखी एकदा आठवते. १५ सप्टेंबर २००१ रोजी अॅरिझोनातील मेसा गावी बलबीरसिंग सोधी या पेट्रोल पंपाच्या मालकाला गोळी घातली गेली, ती पगडीवरून त्यांना अरब समजून. मारणार्‍याच्या मनात नाव आपले होते, जीव त्यांचा गेला. एका दारावर आपण पहारेकरी असतो, दुसर्‍या दारावर निशाण.

म्हणूनच 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स' (२०२२) हा चित्रपट आम्हाला महत्त्वाचा वाटला. मिशेल यो यांनी रंगवलेली चिनी बाई अमेरिकेत लाँड्री चालवते, आणि तिची खरी झुंज आहे आयकर कार्यालयातील टेबलाशी, पावत्यांच्या ढिगाशी, दुरावलेल्या मुलीशी. कुंग-फू आहे, भरपूर आहे. पण शेवटी ती समोरच्याला पाडून नव्हे, समजून घेऊन जिंकते. तिच्या नवर्‍याचे काम करणारे के ह्वी क्वान हे स्वतः व्हिएतनाममधून आलेले निर्वासित. बालनट म्हणून गाजले आणि मग भूमिकाच मिळेनात म्हणून अनेक वर्षे अभिनयापासून दूर राहिले. २०२३ मध्ये दोघांनाही ऑस्कर मिळाले. पण आमच्या दृष्टीने पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट ही, की या चित्रपटातली परदेशी बाई शेवटी कुठेही निघून जात नाही. ती त्याच कार्यालयात, त्याच खुर्चीवर, आपल्या माणसांबरोबर बसलेली असते.

त्या मुलाला आम्ही पुढे एकदा उत्तर दिले. म्हटले, "बेटा, तो अकेला था ना, इसलिये." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "बाकी सब कहाँ थे?"

कारखान्यातले ते भाऊबंद तोवर मारले गेले होते, हे खरे. पण त्याचा प्रश्न चित्रपटापुरता नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हालाही.